विश्लेषण : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनाच सरकारने दूर का केले?

मुंबईत प्लेग असताना अवघ्या तीन महिन्यांत लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन पाच-सहा वर्षांतच ब्रिटिश सरकारच्या लेखी आरोपी ठरले. पंजाबातील एका गावात लशीच्या एका बाटलीमुळे १९ जण दगावले होते. पुढे हाफकिन निर्दोष ठरले, पण तोवर चार-पाच वर्षे उलटली होती. साथ आटोक्यात यायला औषधाइतकाच सरकारी निर्णयही कारणीभूत असतो, आणि साथ फोफावण्यालाही. हाफकिन यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या.

हाफकिन कोण होते?

परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्राला पाठ आहे. सर्पदंशावरची लस, पोलिओचे डोस यांच्याशी ते जोडले गेले आहे. ज्या माणसाचे हे नाव, तो मात्र बहुतेकांना अपरिचित. त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओदेसा या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे नोबेल मिळवणारे इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. म्हणजे हाफकिन वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते. ही बाब पुढे हिंदुस्थानातील गोऱ्या लष्करी डॉक्टरांना सतत खुपत राहिली.

झारच्या राज्यात ज्यूंवर जमावाचे हल्ले होत. ओदेसात ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात तरुण हाफकिन होते, त्यात ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. विद्यापीठात पुढे जायचे तर ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारावा लागणार होता. त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस गाठले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तेव्हा रिकामी असलेली जागा होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके आणि उरल्या वेळेत प्रयोगशाळा, असा क्रम सुरू झाला.

कॉलऱ्याच्या लशीसाठी हिंदुस्थानच का?

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात दाखवून दिला होता. हाफकिन यांनी हा जंतू गिनिपिगच्या शरीरातून पुन:पुन्हा नेऊन आधी अधिक जहाल केला, मग उष्णता व हवेच्या साहाय्याने त्याचा एक सौम्य प्रकार तयार केला. आधी सौम्य आणि काही दिवसांनी जहाल, असे दोन डोस द्यायचे. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वत:लाच टोचून घेतली. ताप आला, दुखले, आणि उतरले.

लस सिद्ध करायची तर कॉलरा असलेला प्रदेश हवा. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. सरकारने परवानगी दिली, पण त्यात उत्साह नव्हता. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. कॉलरा माणसाकडून माणसाकडे जात नाही, तो हवा, जमीन आणि ऋतुमानाचा परिणाम आहे, अशी भूमिका सरकारच्या आरोग्य खात्याच्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षे घेतली होती. रोग संसर्गजन्य मानला की बंदरांत जहाजे अडकवावी लागतात, सुएझमार्गे चालणारा व्यापार थांबतो. शास्त्रातील वाद आणि तिजोरीचा हिशोब यांची ही सोयरीक काही नवी नाही.

हाफकिन यांचे वैशिष्ट्य लस बनवण्याइतकेच ती तपासण्याच्या पद्धतीत आहे. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत कॉलरा पसरला. एकाच तळ्याचे पाणी पिणारी दोनशेच्या आसपास माणसे. त्यातील ११६ जणांना लस दिली गेली, बाकीचे तसेच राहिले. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याचे दहा रुग्ण सापडले, सात मेले. हे सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. घर तेच, पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त सुईचा. आज लशीची चाचणी म्हटले की अशी तुलना गृहीत धरली जाते. तेव्हा ती गृहीत नव्हती. जुलै १८९५ पर्यंत त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी ४२ हजारांवर लोकांना लस टोचली. मलेरियाने पोखरल्यामुळे हाफकिन यांना त्या वर्षी इंग्लंडला जावे लागले. ते परत आले १८९६ मध्ये, आणि काही महिन्यांतच मुंबईने त्यांना बोलावले.

मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने काय केले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान प्लेग असे केले. व्हिएगस मूळचे गोव्याचे. मांडवी म्हणजे गोदामांचा भाग, धान्याच्या राशी आणि त्यावर पोसलेले उंदीर. ६ ऑक्टोबर रोजी महापालिका आयुक्तांनी अधिकार जाहीर केले : रुग्णाला रुग्णालयात हलवता येईल, घर रिकामे करता येईल. दुसऱ्याच दिवशी हाफकिन मुंबईत पोहोचले. हा योगायोग खरा, पण प्लेगकडे पाहण्याचे दोन मार्ग शहरात एकाच आठवड्यात सुरू झाले, असे म्हणता येते.

आधी पहिल्या मार्गाचे काय झाले ते पाहावे लागेल. रुग्णालयात नेलेली माणसे बहुधा परत येत नसत, कारण तिथे नेले जाई तेच शेवटच्या टप्प्यात. लोकांनी याचा अर्थ सरळ लावला : दवाखान्यात मारतात. अंगातून मोमियाई काढतात, अशी अफवा घरोघर पोहोचली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. आयुक्तांना नियम सैल करावे लागले. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर गावाकडे निघून गेले आणि प्लेगही त्यांच्यासोबत गेला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच सुमारास व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती, आणि हिंदुस्थानचा माल युरोपच्या बंदरांत येऊ द्यायचा की नाही हा तिथला खरा प्रश्न होता. सरकारला कठोरपणा दाखवायचा होता, तो निम्मा तरी युरोपला दाखवण्यासाठी. या कायद्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ काहीही करण्याची मुभा दिली आणि सद्हेतूने केलेल्या कृत्यासाठी त्यांना खटल्यापासून संरक्षण दिले. मार्च २०२० मध्ये करोनासाठी महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा.

पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, स्त्रियांची तपासणी केली, सामान रस्त्यावर काढून जाळले. रुग्ण विलगीकरण छावणीत, बाकी कुटुंब दुसऱ्या छावणीत. याच काळात, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात आल्या होत्या. पुण्यात तेव्हा रुग्णसेवेचे दोन नमुने होते, आणि लोकांना त्यांतला फरक कळत होता. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो दिवस राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा. त्याच महोत्सवानिमित्त जाहीर झालेल्या किताबांच्या यादीत सी.आय.ई. म्हणून हाफकिन यांचे नाव होते.

या सगळ्या कठोरपणाचा प्लेगवर परिणाम काय झाला? फारसा नाही, आणि कारण साधे होते. प्लेग घाणीत, जमिनीत, कपड्यांत असतो असे धरून गटारांत कार्बोलिकचे पाणी सोडले गेले, घरांना चुना लागला, सामान जाळले गेले. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. सरकारी पातळीवर ते पटायला आणखी सात-आठ वर्षे गेली. तोवर गटारांतून हुसकलेले उंदीर घराघरांत शिरत होते.

लस तीन महिन्यांत कशी झाली?

ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. या वेळी त्यांनी जिवंत जंतूऐवजी मारलेल्या जंतूंची लस करायचे ठरवले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय आणि डुक्कर वर्ज्य करून बोकडाचे मांस घेतले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्याखाली जंतूंच्या लोंबत्या जटा तयार होत. भांडे हलवून त्या पाडायच्या, पुन्हा वाढू द्यायच्या, असे सहा आठवडे. मग साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. हे शेवटचे थोडे कार्बोलिक पुढे फार महागात पडले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वत:ला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. नंतर सर्वसामान्यांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या ती तिप्पट-चौपट होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तेथील कैद्यांना विचारण्यात आले. निम्म्याच्या आसपास तयार झाले. टोचले त्या दिवशीच ज्यांच्या अंगात रोग होता ते वगळले, तर टोचून घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना झाला, सहा मेले. कैद्याची संमती किती मोकळी असते हा प्रश्न आज विचारावाच लागेल. त्या काळी तो विचारला गेल्याचे फारसे दिसत नाही.

त्याहून बोलके उदाहरण बडोदा संस्थानातील उंढेरा गावचे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली गेली. नंतर ज्या २८ घरांत प्लेग झाला त्यांचा हिशोब मांडला. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तीन मेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांचे हे आकडे आहेत. दोन भावांतला एक, मायलेकींतली एक.

लोकांनी ही लस स्वीकारली का?

लस ऐच्छिक असावी यावर हाफकिन ठाम होते, आणि सरकारही मोठ्या प्रमाणात तिथेच राहिले. पण ऐच्छिक म्हणजे सोपे नव्हे. टोचल्यावर एक-दोन दिवस सडकून ताप येई. मजुराच्या दृष्टीने ही दोन दिवसांची रोजी बुडाली. शिवाय कालपर्यंत दार फोडणारे सरकार आज सुई घेऊन आले आहे, तर तिच्यात काय असेल? लशीने पुरुषत्व जाते, मूल होत नाही, धर्म बाटतो, अशा वावड्या उठल्या. त्या खुळ्या होत्या, पण त्यांना जमीन पुरवली ती रँड आणि त्यांच्यासारख्यांच्या कारभाराने.

जिथे समाजातलाच कोणी पुढे झाला, तिथे चित्र वेगळे होते. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा १९ वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. हजारो खोजांनी लस घेतली. हुबळीतही १८९८ मध्ये मोठी मोहीम झाली. सरकारने एक शहाणा निर्णय घेतला : लस घेतल्याचा दाखला असेल त्याला विलगीकरण छावणीत जावे लागणार नाही. सुईपेक्षा छावणीची धास्ती मोठी असलेल्यांना हे पुरेसे होते.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत घरझडतीवरून दंगल उसळली आणि माणसे मेली, तेव्हा सरकारने सक्तीचा मार्ग हळूहळू सोडायला सुरुवात केली. स्कॉटलंडचे प्रा. थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने लशीच्या मात्रा नेमक्या नसल्याबद्दल हाफकिन यांच्यावर टीका केली, पण लशीमुळे प्लेग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण घटते हे मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. गव्हर्नरांनी ही वास्तू सोडली त्यामागेही साथच होती : १८८२ मध्ये तिथे गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी कॉलऱ्याने गेली होती.

मल्कोवालला काय घडले?

प्लेग पंजाबात पसरला तसा तेथील सरकारने अभूतपूर्व मोठ्या लसीकरणाचा निर्णय घेतला. लाखो मात्रा, आणि त्याही थंडीची साथ सुरू होण्याआधी. निर्णय योग्य होता. पण सहा आठवडे जटा वाढवत बसणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेला इतकी लस इतक्या वेळात देणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी रीत बदलली. जंतू आता अगारच्या थरावर वाढवून पाण्यात मिसळले जाऊ लागले. त्यामुळे वेळ वाचला. सोबत कार्बोलिकही वगळले आणि भर फक्त उष्णतेवर ठेवला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच पद्धत होती, त्यामुळे ती चुकीची नव्हती. मात्र कार्बोलिक असते तर बाटली उघडताना झालेल्या एखाद्या चुकीला थोडा आडोसा मिळाला असता. उत्पादनाचा वेग वाढवण्याचा आदेश लेखणीच्या फटकाऱ्याने निघतो. त्यासाठी मुंबईत आणि गावोगावच्या टोचणी केंद्रांवर हाताची शिस्त किती वाढवावी लागेल, याचा विचार त्या आदेशात नव्हता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. पाच बाटल्या वापरल्या. चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. ५३-एन या एका बाटलीतून ज्यांना लस मिळाली त्या १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला, आणि ते सर्वच्या सर्व मेले. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, शुद्ध मात्र शेवटपर्यंत असते. प्लेगपासून वाचण्यासाठी स्वत:हून रांगेत उभी राहिलेली ही माणसे होती. त्यांची नावे या प्रकरणाच्या चर्चेत क्वचितच येतात. बाटलीचा क्रमांक मात्र इतिहासाने जपून ठेवला आहे.

चौकशीत दोष कोणाचा ठरला?

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, ती दूषित झाली असावी आणि कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक होती, असा आयोगाचा कल होता. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये ते विनावेतन लंडनला गेले. तेथे ते आपली बाजू मांडत राहिले. पण मांडायची कुणापुढे? चौकशीचे कागदच सरकारने १९०६ पर्यंत जाहीर केले नव्हते.

कागद बाहेर आल्यावर त्यातल्या काही गोष्टींनी शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्या दिवशी मल्कोवालला बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि इतक्याने ते मरत नाहीत. दुसरी गोष्ट बाटलीच्या वासाची. धनुर्वाताचा जंतू त्या बाटलीत कित्येक आठवडे वाढत असता तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. डॉक्टरांनी बाटली हुंगून पाहिली होती, वास नव्हता. तिसरी गोष्ट दिवसांची : विष बाटलीत आधीच तयार असते तर लक्षणे लवकर दिसली असती. ती उशिरा दिसली, म्हणजे जंतू शरीरात गेल्यानंतर वाढला.

हे सगळे मांडणाऱ्यांत रोनाल्ड रॉस आघाडीवर होते. मलेरियाचा डास शोधून १९०२ चे नोबेल त्यांनी मिळवले होते, आणि हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील नोकरशाही त्यांनी स्वत: भोगली होती. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही असे जाहीर केले. सह्या करणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर होते. ब्रिटनच्या संसदेतही प्रश्न उपस्थित झाले. फ्रान्समध्ये खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या आठवणीने या प्रकरणाला छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले जाऊ लागले. ही तुलना जरा ताणलेली आहे. हाफकिन यांना तुरुंगवास झाला नाही आणि आयोगाने पुरावा बनवला नाही. पण परका, ज्यू, डॉक्टरची पदवी नसलेला आणि सरकारी वैद्यकीय सेवेबाहेरचा माणूस गावातील टोचणी केंद्रापेक्षा दोषी धरायला सोपा होता, हे नाकारता येत नाही.

याची किंमत रुग्णांनी कशी मोजली?

मल्कोवालनंतर पंजाबातील मोठी मोहीम थंडावली. एका गावात लशीने १९ जण मेल्याची बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्यात सरकारनेच लशीच्या जनकाला घरी बसवल्यावर, दोष एका बाटलीचा की मुळात लशीचाच, हे खेड्यातल्या माणसाने कसे ठरवायचे? सरकारला या प्रकरणात दोन स्वतंत्र प्रश्न सोडवायचे होते : हे मृत्यू कशाने झाले, आणि लस सुरक्षित आहे का. पहिल्याचे उत्तर एका माणसाच्या नावाने घाईने दिले गेले, दुसऱ्याचे खणखणीत उत्तर लोकांना कोणी दिलेच नाही. परळला लस बनतच होती. घेणारे कमी झाले.

त्यानंतरची वर्षे पंजाबात सर्वात वाईट गेली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने १३ लाखांवर माणसे मेली, त्यांतील जवळपास निम्मी पंजाबातील. त्यांपैकी किती जण लशीने वाचले असते हे सांगता येणार नाही. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती आणि तिचा परिणाम काही महिनेच टिके. पण उंढेऱ्याचे आकडे समोर ठेवले तर न वाचलेल्यांची संख्या क्षुल्लक नसावी. आणि १९०७ हेच ते वर्ष, ज्यात हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

निर्दोष ठरल्यावर हाफकिन यांना काय मिळाले?

कलकत्त्याची नेमणूक. १९०७ च्या अखेरीस त्यांना तेथील जैविक प्रयोगशाळेचे प्रमुख करण्यात आले, पण ज्या कामासाठी ते ओळखले जात त्यापासून दूर ठेवून. कॉलऱ्याची मारलेल्या जंतूंची नवी लस माणसांवर तपासून पाहण्याची त्यांची इच्छा होती. सरकारने परवानगी दिली नाही. चाळीस हजारांवर लोकांना स्वत: उभे राहून लस टोचणारा माणूस सहा-सात वर्षे कागदावर संशोधन करत राहिला. वयाची मर्यादा आल्यावर १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थान सोडून फ्रान्सला गेले.

नंतरच्या आयुष्यात ते धर्माकडे वळले. ज्या धर्मासाठी ओदेसातील विद्यापीठावर पाणी सोडले होते, त्याचे आचरण त्यांनी आता कसोशीने केले. लग्न केले नव्हते. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझानला राहायला गेले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील शिक्षणासाठी आपल्या मिळकतीचा निधी उभा केला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये, म्हणजे हाफकिन लंडनमध्ये आरोपाखाली असताना, बदलून बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले होते. उंदीर, पिसू आणि प्लेग यांचा संबंध तिथल्याच शास्त्रज्ञांनी पक्का केला. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. अलीकडच्या काळात या नावावर वेगळेच ओझे आले : २०१७ मध्ये राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांच्या औषध खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे दिले, खरेदीतील विलंबाच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये ते काम काढून वेगळ्या प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. लस बनवणाऱ्या संस्थेला भांडारपाल करण्याचा हा निर्णय कोणाला सुचला, हे विचारायला हाफकिन नव्हते.

१९२५ मध्ये संस्थेचे तेव्हाचे संचालक लेफ्टनंट कर्नल मॅकी यांनी नाव पुन्हा बदलण्याचा प्रस्ताव मांडला आणि सरकारने तो मान्य केला. मल्कोवालच्या घटनेला तेव्हा २३ वर्षे होत आली होती. ज्या इमारतीतून काढले गेले तिला आपले नाव मिळाल्याचे हाफकिन यांना जिवंतपणी कळले. ती पाहायला मात्र ते परत आले नाहीत.